गाडीबरोबरचं सामान

रावजी तांडेलाने मुलासाठी फटफटी मागवली, ही बातमी रत्नागिरीजवळच्या मिऱ्यावर पसरली तेव्हा आधी कुणाला खरीच वाटली नाही. तीन मचव्यांचा मालक, सगळा जन्म खाऱ्या पाण्यावर गेलेला. जमिनीवर चार पावलं टाकायची तरी तो डेकावर चालल्यासारखा पाय फाकून चालायचा. तो कशाला फटफटी घेतोय, असं लोक म्हणाले. पण मुंबईची आगबोट आली, रावजीच्याच मचव्यातून भलंथोरलं खोकं किनाऱ्याला लागलं, आणि पेंढ्यातून ती काळीभोर विलायती गाडी बाहेर निघाली तेव्हा त्याच लोकांनी तोंडात बोटं घातली. टाकीवर सोनेरी रेघ होती. तशी गाडी रत्नागिरीत एका डॉक्टरकडे होती म्हणतात, पण तिच्यावर रेघ नव्हती.

गाडी का घेतली हे मात्र कुणाला सांगावं लागलं नाही. रावजीचा एकुलता मुलगा आत्माराम कितीतरी वर्षं मोठ्या आगबोटींच्या इंजिनात तेल घालत जग फिरून आला होता. आई वारली म्हणून आला, बापाने लग्न लावून दिलं म्हणून राहिला. पण राहिला म्हणजे काय, अंगाने राहिला. जेवता जेवता बंदरात बोटीची शिटी झाली की हा उष्ट्या हाताने अंगणात. नारळ मोजायला बसवावा तर शंभरातले नव्वद विसरून क्षितिजाकडे बघणार. पायाला भिंगरी म्हणतात ती याच्या पायाला नव्हे, छातीलाच बांधलेली होती. "बापानं दावं लांब केलं," गाव म्हणाला. लांब दाव्याचं जनावर खुंटा उपटत नाही, दिवसभर चरून संध्याकाळी गोठ्यात येतं. आत्मारामच्या कानावर ते आलं आणि त्याला ते पटलं, म्हणून जास्तच झोंबलं.

आता खरी गंमत पुढे झाली. गाडीच्या खोक्याबरोबर एक लहान खोकं आलं होतं. विलायती कंपनीने इतक्या महागाच्या गाडीबरोबर वरचं सामान म्हणून दिलेलं. कार्बाइडचा पितळी दिवा. हवा भरायचा पंप आणि पंक्चर काढायची डबी. धुळीसाठी डोळ्यांना बांधायचा काचांचा चष्मा. रबरी गोळ्याचा भोंगा. आणि मागे बसणाऱ्यासाठी कातड्याची जाड गादी. आत्माराम पाना घेऊन ते सगळं गाडीवर चढवायला निघाला, तर रावजीने त्याचा हात धरला.

"सामान वेगळ्या खोक्यात आलंय," रावजी म्हणाला. "म्हणजे ते वाटायचं."

रावजीच्या लेखी यात विचारण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या वाडीत नवा मचवा आला की त्याचं सामान मालकाच्या घरी राहत नाही. वल्ही एका खलाशाच्या घरी, नांगराचा दोर दुसऱ्याच्या, कंदील तिसऱ्याच्या. मालक कितीही तालेवार असो, माणसं जमवल्याशिवाय त्याला मचवा हलवता येऊ नये, म्हणून ही रीत. जवळच्या फेरीला खलाशी आपलं सामान तसंच खांद्यावर टाकून आणतो. लांबच्या सफरीला मात्र त्याची घरधनीण सामानाला हळदीकुंकवाचं बोट लावून देते, तेही खालच्या अंगाला, जिथं पाण्याचा मार लागत नाही. आणि लांब जाणाऱ्याला 'कुठं चाललास' असं कुणी विचारत नाही, कारण निघताना मागून विचारलं की काम फिसकटतं. मग तांडेल सुकाणूपाशी उभा राहून हाक देतो, "सामान पुरं?" सगळे म्हणतात, "पुरं." एकाचंही सामान किनाऱ्यावर राहिलं असेल, तर मचवा सुटत नाही.

"बाबा, ही गाडी आहे," आत्माराम म्हणाला. "हिला खलाशी नसतात."

"मग तुला कुणाची गरज नाय म्हण की," रावजी म्हणाला. आत्मारामने पाना खाली ठेवला.

म्हणून दिवा गेला म्हाताऱ्या दादू खलाशाकडे, पंप आणि डबी गेली विठूकडे, चष्मा धाकूकडे. गादी सुनेकडे, कमळाकडे. भोंगा रावजीने स्वतःकडे ठेवला.

फुकट आलेली वस्तू रिकामी ठेवणं कोकणी माणसाला जमत नाही. दादू कार्बाइडचा दिवा घेऊन खाडीत कुर्ल्या पकडायला जाऊ लागला. त्या पांढऱ्या उजेडात कुर्ल्या म्हणे जागच्या जागी थिजतात. विठूची बायको मथुरा पंपाने चूल फुंकायची. धाकू माडावर चढताना चष्मा बांधायचा, कारण झावळ्यांतला कचरा डोळ्यात जात नसे. माडाच्या शेंड्यावर ते बेडकाचं ध्यान बघून पोरं खाली नाचायची. रावजी पडवीत बसून भोंगा वाजवून माणसांना चहाला बोलवायचा. आणि कमळा त्या गादीवर बसून विळीवर मासे कापायची. पण मासे झाल्यावर ती गादी पुसून तिला खोबरेल चोळून ठेवायची, हे आत्मारामने पाहिलं होतं. "एकदा हिच्यावर बसून देवरूखला नेलंत तर आईला बघून येईन," असं ती एकदा म्हणाली. लग्न झाल्यापासून ती माहेरी गेली नव्हती. आत्माराम म्हणाला, "बघू." 'बघू' हा शब्द नवऱ्यांसाठीच निर्माण झालाय.

गाडी चालायची झकास. पण गावाबाहेर पडायचं म्हणजे पंप हवा, आणि पंप मागायला गेलं की विठू विचारणार, "कुठं चाललास रे?" दिव्यासाठी दादूकडे जावं तर तो बिडी पेटवून विचारणार, "कुठं? आणि परत कधी?" धाकू माडावरूनच ओरडून विचारायचा, म्हणजे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळायचं. आत्माराम पाच मैलांवर जाऊन येई तोवर वाडीत त्याच्या जाण्याची आणि येण्याची चर्चा होऊन गेलेली असायची. चिडून तो एकदा काहीच न घेता निघाला. हातखंब्याच्या अलीकडे चाकाची हवा गेली आणि ते धूड ढकलत घरी आणावं लागलं. रावजीने पडवीतून नुसता एकदा भोंगा वाजवला.

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते, तेव्हा मुंबईला असणारा वाडीतला बाबल्या आला. आत्मारामच्या जुन्या सारंगाने, म्हणजे बोटीवरच्या खलाशांच्या मुकादमाने, त्याच्याजवळ निरोप दिला होता. मोठी बोट लागलीय, इंजिनात जागा आहे, अमावास्येच्या आत आलास तर तुझी. बाबल्याने तो निरोप आत्मारामला बंदराच्या भिंतीआड अगदी कानात सांगितला आणि कुणाला बोलणार नाही म्हणून गळ्याची शपथ घेतली. बाबल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या मिऱ्याला ठाऊक होतं. पण ज्याला जायची घाई असते, त्याला असल्या गोष्टी आठवत नाहीत.

आगबोटीने मुंबईला जाणं शक्य नव्हतं. बोटीपर्यंत उतारू नेणारे मचवे बापाचे, वल्ही मारणारे हात बापाच्या माणसांचे. पाणी सगळं बापाचं होतं. राहिला रस्ता. आंबा घाट चढून कोल्हापूर, तिथे कुणाकडे तरी गाडी ठेवायची आणि आगगाडीने मुंबई. घाटात सकाळचं धुकं असतं, तेव्हा दिवा हवा. पंप आणि डबी हवी. धुळीसाठी चष्मा हवा. भोंग्यावाचून चालेल. गादीची तर गरजच नाही.

गरजच नाही, हे वाक्य त्याने मनात बऱ्याच वेळा म्हणून पाहिलं, आणि दर वेळी ते जरा जास्तच मोठ्याने म्हटलं गेलं.

कमळाला सांगावं असं त्याला एकदा वाटलं होतं. नाही असं नाही. पण सांगितलं तर ती रडेल, आणि ती रडली तर आपण राहू, आणि राहिलो तर इथेच नारळ मोजत मरू, अशी त्याची समजूत. बाईच्या रडण्यावर आपलं भ्याडपण ढकललं की पुरुषाला बरं वाटतं. आत्मारामला तेवढंही बरं वाटत नव्हतं. दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तो अंगणात यायचा, गाडीची टाकी पुसायचा, आत जायचा, परत यायचा. मागच्या दारी कमळा तांदूळ पाखडत असली की त्या सुपाच्या आवाजानेही तो दचकायचा.

निघायच्या आदल्या दिवशी तो सामान गोळा करायला निघाला. प्रत्येकासाठी त्याने वेगळी थाप तयार ठेवली होती. दादूला सांगायचं, पावस गावच्या एका माणसाला कुर्ल्यांचा दिवा दाखवायचाय. विठूला सांगायचं, गावातल्या सायकलवाल्याला पंप हवाय. धाकूला सांगायचं, काच सैल झालीय, बसवून आणतो.

दादूच्या खळ्यात गेला. म्हातारा जाळं विणत होता.

"दादूतात्या, दिवा हवा होता."

"हवा तर ने," दादू म्हणाला. त्याने बायकोला हाक मारली. ती आत गेली आणि जरा वेळाने दिवा घेऊन आली. काच लखलखीत पुसलेली. वर कार्बाइडची पुडी.

आत्माराम थापेची वाट बघत उभा राहिला. म्हणजे थाप त्याच्याच तोंडात होती, पण प्रश्न आल्याशिवाय ती सोडायची कशी? दादू जाळं विणत राहिला. शेवटी आत्माराम म्हणाला, "येतो मग." आणि म्हातारा म्हणाला, "ये हां." इतकंच.

विठूकडेही तेच. मथुरेने पंप फडक्यात गुंडाळून दिला, डबी वर ठेवली. विठूने त्याच्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि काढून घेतला. धाकू त्या दिवशी माडावर नव्हताच, घरीच होता. त्याने चष्मा दिला आणि म्हणाला, "पट्टा नवा शिवलाय मी. जुना वाऱ्यानं तुटला असता." कुठला वारा, हे तो बोलला नाही.

आत्माराम घरी आला तो खरं म्हणजे खूश असायला हवा होता. एकही थाप खर्च न होता सामान हातात आलं होतं. नशीब उघडलं असं त्याने स्वतःला सांगितलं. पण न वापरलेल्या त्या तीन थापा त्याला घशात अडकलेल्या काट्यासारख्या टोचत राहिल्या. कुणी काहीच कसं विचारलं नाही?

सकाळी उजाडताच त्याने गाडी अंगणात काढली. दिवा चढवला, पंप टाकीखालच्या पट्ट्यात अडकवला, कपड्यांचं बोचकं मागच्या लोखंडी चौकटीवर बांधलं. पेट्रोलचा डबा त्याच्या शेजारी. हातखंब्यापर्यंत जाऊन येतो, एवढंच त्याने घरी सांगितलं होतं; तेवढ्याला बोचकं कशाला, असं बापाने विचारलं तर काय सांगायचं? रावजी पडवीतून उतरला. त्याच्या हातात भोंगा होता.

"वाटेत गुरं असतात," तो म्हणाला, आणि हाताने चाचपत स्वतःच भोंगा गाडीच्या दांड्यावर बसवू लागला. डांबराने काळी पडलेली ती जाड बोटं त्या बारीक स्क्रूवर घसरत होती. आत्माराम म्हणाला, "मी बसवतो." रावजी म्हणाला, "मी बसवतोय ना." बसवून झाल्यावर तो मागे न बघता आत गेला.

कमळा दारात उभी होती. "सगळं घेतलंत?" तिने विचारलं.

"हो."

"सगळं?"

"हो म्हटलं ना," आत्माराम म्हणाला, आणि गाडीला लाथ मारली.

हातखंबा गेलं, पाली गेलं, नाणीज मागे पडलं. जांभ्याची लाल धूळ चष्म्यावर बसत होती आणि वारा कानात भरत होता. याच्याचसाठी तो झुरला होता, पण छातीतली भिंगरी काही थांबेना. उलट जास्तच गरगरायला लागली. पुढचं वळण कधी येतं असं व्हायचं, आणि वळण आलं की वाटायचं, कशाला आलं. साखरप्याला फाटा आहे. उजवीकडे आंबा घाट, डावीकडे देवरूख. त्या फाट्यावरच मागचं चाक बसलं.

आंब्याच्या सावलीत त्याने गाडी उभी केली. डबी काढली, ट्यूब काढली, ठिगळ लावलं. हवा भरायला पंप उलटा धरला आणि त्याचा हात थांबला. पंपाच्या खालच्या अंगाला, पाय ठेवायच्या पट्टीच्या वर, हळदीचं एक आणि कुंकवाचं एक, अशी बोटं उठली होती.

त्याने पंप खाली ठेवला. मग उठला आणि दिव्याच्या खाली वाकून पाहिलं. तिथेही होतं. चष्म्याच्या नव्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला होतं, कुंकू घामाने थोडं पसरलेलं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कुणी विचारलं नव्हतं. लांब जाणाऱ्याला विचारत नाहीत. दादूची बायको आत गेली ती दिवा पुसायला नव्हे.

सगळ्यात शेवटी त्याने भोंग्याकडे पाहिलं. बघायचं धाडस होत नव्हतं, कारण घरात सामानाला बोट लावायला आई नव्हती. रबरी गोळा वर उचलला. त्याच्या खाली हळदीकुंकू होतं, पण बोट नव्हतं. अंगठा होता. रुंद, चिरा पडलेला, कडेला डांबराची काळी रेघ. रावजीने बायकोचं काम स्वतः केलं होतं, आणि त्याला ते नीट जमलं नव्हतं.

आत्माराम रस्त्याच्या कडेला मटकन बसला आणि रडला. मग त्याला राग आला. दावं तोडून पळायची त्याने इतकी तयारी केली होती, आणि इथे दावंच नव्हतं. उडी मारायला कुंपण लागतं. या माणसांनी सगळ्या बेड्या काढून वाट मोकळी करून ठेवली होती. आता पळून जायचं तरी कुणापासून? हिशेबाने पाहिलं तर सामान सगळं बरोबर होतं. फक्त गादी नव्हती. ती त्याने मागितली नव्हती. दाराशी उभी राहून ती दोनदा विचारत होती, सगळं घेतलंत का, आणि तो हो म्हणाला होता.

त्याने हवा भरली. गाडी वळवली.

दुपारी तो अंगणात आला तेव्हा रावजी पडवीत दोर वळत बसला होता. त्याने वर पाहिलं नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं," आत्माराम म्हणाला.

"बाबल्या बोलला."

"मग आडवलं का नाय?"

"आडवायचं असतं तर गाडी कशाला घेतली असती?" रावजी म्हणाला. "तू जाणार हे मला तू आलास त्याच दिवशी कळलं. आगबोटीनं गेलास की परत कधी यायचं ते बोटीचा मालक ठरवणार. माजा बापूस असाच गेला, त्याला यायला मिळालंच नाय. गाडी आसली म्हणजे मुंबईत बोट लागली की यायचं तुज्या हातात." तो दोराला पीळ देत राहिला. "लोक म्हणाले, दावं लांब केलंय. मी म्हटलं, म्हणू देत."

आत्मारामने गाडी पडवीला टेकवली. तो तसाच घरात गेला. कमळा स्वयंपाकघरात गादीवर नव्हे, जमिनीवर बसली होती. गादी समोर पाटावर ठेवलेली, खोबरेलाने चमकत होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. घाबरली नाही, रडलीही नाही.

"गादी हवीय," तो म्हणाला.

तिने गादी उलटी केली. खालच्या अंगाला हळदीकुंकू होतं, वाळून कोरडं झालेलं.

"सकाळीच लावलं होतं," ती म्हणाली. "मागितली असतीत तर दिली असती. रडत दिली असती, पण दिली असती."

"आता दे."

"आता नुसती गादी नाय देणार," कमळा म्हणाली, आणि पदर खोचून उठली.

गादी चढवायला बराच वेळ लागला, कारण आधी मागचं बोचकं आणि डबा सोडून पुढे टाकीवर बांधावं लागलं. तोवर दादू आला, विठू आणि मथुरा आली, धाकू आला. सगळे अंगणाच्या कडेला उभे राहिले आणि कुणीही काही विचारलं नाही. कमळा एक लुगडं आणि आईसाठी सुके बोंबील असं गाठोडं घेऊन बाहेर आली. सासऱ्यासमोर, भर उन्हात, नवऱ्याच्या मागे बसायचं, हे मिऱ्यावर कुणी केलं नव्हतं. तिने डोक्यावरचा पदर दातात धरला आणि एका अंगाने गादीवर बसली. मथुरेने हसू दाबलं.

रावजी पडवीच्या पायरीवर येऊन उभा राहिला. गाडीसाठी त्याने आजवर ती हाक कधी दिली नव्हती.

"सामान पुरं?" त्याने विचारलं.

आत्मारामने मान वळवून पाहिलं. मागून कमळा म्हणाली, "पुरं, मामंजी."

साखरप्याच्या फाट्यावर त्याने त्याच आंब्याखाली गाडी थांबवली. ऊन कलत होतं. समोर घाटाचा रस्ता होता, अमावास्या अजून दोन दिवसांवर होती आणि बोट मुंबईला उभीच होती. छातीतली भिंगरी गेली नव्हती. ती जाणाऱ्यातली नव्हती. पण या खेपेला त्याने मान वळवून विचारलं, "कुठं वळवू?"

कमळाने चेहऱ्यावरची लाल धूळ पुसली आणि दोन्ही रस्त्यांकडे नीट बघून घेतलं.

"आधी आई," ती म्हणाली. "मग तुमची बोट. आणि मला बंदरापर्यंत न्यायचं. दर वेळी."

आत्मारामने गाडी देवरूखकडे वळवली.